खोलीचे माप

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची यादी तपासून देण्याचे काम आमच्याकडे आले. इतिहासाच्या शिक्षकाच्या हाती यादी दिली, की तो ती नुसती तपासत नाही, वाचू लागतो. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजकडचे पत्ते ‘मुक्काम पोस्ट’ने किंवा ‘घर नंबर’ने सुरू होतात. मुंबईचे आणि आता पुण्याचेही पत्ते ‘रूम नंबर’ने सुरू होतात. त्यापुढे चाळ, विंग, मजला, आणि पुष्कळ ठिकाणी ‘द्वारा’ म्हणून दुसऱ्याच कोणाचे नाव. एका पत्त्यावर तर आमचे तीन विद्यार्थी निघाले, तिघेही वेगवेगळ्या वर्षी दहावी झालेले. टंकलेखकाची चूक समजून आम्ही दूरध्वनी केला. चूक नव्हती. तिघे एकाच खोलीत राहत होते आणि पुढच्या महिन्यात चौथा येणार होता. त्यातला एक हसत म्हणाला, “सर, वसतिगृहाची सवय कामी येते बघा!”

आम्हीही हसलो, पण ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीतल्या फळीचा एक खण एवढ्या जागेत राहून अभ्यास करायला आपण या मुलांना शिकवले, ते त्यांना मोठ्या जगात जाता यावे म्हणून. ती मोठ्या जगात गेली, आणि तिथे त्यांच्या वाट्याला पुन्हा ट्रंक, वळकटी आणि फळीचा खण आला. फरक एवढाच, की वसतिगृहात त्याचे भाडे नव्हते.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांपासून सुरुवात झाली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. राजर्षी शाहू महाराजांचे हे काम सांगताना आपण शिक्षणावर भर देतो आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय वाटते. शाळेचे दार उघडून भागत नाही, शहरात रात्री पाठ टेकायला जागा लागते, आणि ती जागा जातीवरून मिळते किंवा नाकारली जाते, हे महाराजांनी ओळखले होते. शिष्यवृत्तीच्या आधी खोली. आजही ज्यांची मुले बारावीनंतर पुण्या-मुंबईस जातात, त्या पालकांना हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

मुंबईची खोली आम्ही प्रथम पाहिली ती १९८३ च्या मे महिन्यात. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर बसून, खरे तर उभ्यानेच, आम्ही आईबरोबर मामांकडे नायगावच्या बी. डी. डी. चाळीत गेलो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाला सव्वा वर्ष उलटून गेले होते. मामा घरीच होते. खोली १६० चौरस फुटांची. तेव्हा आम्हाला चौरस फूट कळत नव्हते. गावच्या आमच्या घरातला गोठा याहून मोठा आहे, एवढे मात्र कळले. त्या खोलीत नऊ माणसे राहत होती आणि पाहुणे म्हणून आम्ही दोघे. एका कोपऱ्यात मोरी, तिला पडदा. मोरीच्या बाजूला ओटा, वर माळा. माळ्यावर दोन मामेभाऊ झोपत. त्यांना तिथे ताठ बसता येत नसे. एकुलत्या कॉटवर आजी, कॉटखाली धान्याचे डबे आणि धाकट्याचे दप्तर. उरलेल्या फरशीवर बाकीचे आडवे होत, आणि कोणी रात्री उठला की इतरांना पाय आवरून घ्यावे लागत. मधल्या बोळातून दुतर्फा खोल्या, बोळात दिवसाही अंधार, आणि संडास मजल्याच्या टोकाला, सर्वांचे मिळून.

थोरला मामेभाऊ दहावीच्या वर्गात गेला होता. तो जिन्याच्या पायरीवर, तिथल्या दिव्याखाली वाचत बसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देण्यासाठी दर दोन मिनिटांनी तो गुडघे वळवी आणि वाचन सुटले तिथे बोट ठेवी. ते बोट आम्हाला अजून दिसते.

चाळीविषयी मराठीत पुष्कळ प्रेमाने लिहिले गेले आहे. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली आली आणि तिने महाराष्ट्राला हसवले, आम्हीही हसलो. पण त्या चाळीत आमचे बिऱ्हाड नव्हते. आमच्या चाळीतही शेजारधर्म होता, भीमजयंतीची वर्गणी होती, एकाच्या घरचे कालवण दुसऱ्याकडे जात होते, हे सारे खरे. तरी त्या एकोप्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आमच्या मामींना एकदा विचारायला हवे होते. पाण्यासाठी त्या पहाटे चारला उठत. आंघोळीला त्यांना दुपारची वाट पाहावी लागे, कारण घरातले पुरुष बाहेर पडल्याखेरीज त्या पडद्याआड जाणार कशा? संपामुळे मामा घरी बसले आणि मामींची तेवढीही सोय गेली. संपाचा हा परिणाम आम्ही कोणत्या ग्रंथात वाचलेला नाही.

पुढे एम. ए. करताना या चाळींचा इतिहास आमच्या समोर आला. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई सरकारला गरिबांच्या वस्त्यांची आठवण झाली आणि १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट निघाला. त्याच्या चाळी त्या बी. आय. टी. चाळी. पहिल्या महायुद्धानंतर घरभाडी इतकी भडकली, की १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला, आणि १९२० नंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे सिमेंट-काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या केल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका मजल्यावर वीस, अशा ऐंशी खोल्या. सुरुवातीला कामगारही तिथे जाईनात. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा उपयोग सरकारने तात्पुरत्या तुरुंगासाठी केला. तुरुंग म्हणून वापरण्यासाठी इमारतीत फारसा फेरफार करावा लागला नसावा, असे आमचे मत आहे.

आमच्या जिल्ह्यातील आजरा, चंदगड, भुदरगड भागातून गेलेल्या गिरणी कामगारांनी त्या शहरात आणखी एक युक्ती काढली होती. गावाच्या नावाने एक खोली घ्यायची आणि गावातून येणाऱ्या प्रत्येक पुरुषाने तिथे वळकटी टाकायची. दिवसपाळीचा माणूस उठला, की त्याच जागेवर रात्रपाळीचा आडवा होई. गोव्याच्या लोकांनी मुंबईत आपापल्या गावांचे कूड काढले, तोच हा प्रकार. गावकीच्या या खोल्यांमुळे शेकडो घरे तगली. परंतु गावकी म्हटली, की तिच्याबरोबर गावकुसही आलेच. गावाची खोली सर्व गावाची असे काय, हा प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीने त्या खोलीच्या दारात उभे राहून विचारला आणि उत्तर न मागताच समजून घेतले. आपली माणसे आपल्याच माणसांच्या खोलीत शिरली, आणि नऊजणांच्या खोलीत अकरा झाली.

इथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. लोअर परळच्या चाळीतली त्यांची विद्यार्थिदशेतील एकुलती खोली, उशाशी जाते आणि पायथ्याशी शेळी, मध्यरात्रीनंतर मुलाला अभ्यासासाठी उठवून मग स्वतः आडवे होणारे सुभेदार रामजी, हे चित्र चरित्रांतून आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. कित्येक वक्त्यांनी ते सांगून सांगून गुळगुळीत केले आहे. आम्ही मुलांना त्याच्या पुढचा भाग मुद्दाम सांगतो. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून १९१७ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन, दिवसाला दीड रुपया भाडे देऊन ते एका पारशी पथिकाश्रमाच्या वरच्या मजल्यावर राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्या संध्याकाळी गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून होते. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. जागेचे भाडे देण्याची ऐपत होती, पदव्या होत्या, नोकरी होती; खोली नव्हती.

तेथून परतून ते राहिले ते परळच्या पोयबावाडीतील बी. आय. टी. चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत. १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे त्यांचा संसार या चाळीत होता. शाहू महाराज त्यांना भेटायला परळच्या त्या चाळीत आले होते, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला तो याच परळातून, आणि त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपल्या माणगावची परिषद झाली. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ सालची, महाडचा सत्याग्रह १९२७ सालचा. विसाव्या शतकातील एवढा मोठा इतिहास ज्या माणसाने घडवला त्याचे घर दोन खोल्यांचे होते, आणि त्या दोन खोल्यांत रमाई लेकरांना निजवून, आल्या-गेल्याचे करून, पुस्तकांना जागा करून देत होत्या. मग दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. रमाईंना तिथे फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ ला त्या गेल्या.

काही लोक यावरून असे सांगतात, की पाहा, दोन खोल्यांत राहूनही माणूस बाबासाहेब होऊ शकतो, तेव्हा जागेचे रडगाणे गाऊ नका. आम्हाला हा युक्तिवाद मान्य नाही. स्वतः बाबासाहेबांनाच तो मान्य नव्हता. नाहीतर त्यांनी कर्ज काढून राजगृह बांधले नसते, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह उघडले नसते.

विनयपिटकात भिक्षूच्या कुटीचे माप दिले आहे. देणारा दाता नसेल आणि भिक्षू स्वतःसाठी कुटी बांधत असेल, तर ती बारा सुगत-वीत लांब आणि सात सुगत-वीत रुंद असावी. आळवी येथील भिक्षू मोठमोठ्या कुट्यांसाठी लोकांकडे इतके सामान मागू लागले, की लोक त्यांना पाहून वाट बदलू लागले. तेव्हा तथागतांनी हा नियम केला. आपल्या शाळेत हा प्रसंग आम्ही अनेकदा सांगितला आहे. मागे एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, म्हणजे लहान घरच चांगले का?” आम्ही म्हणालो, नियम कोणासाठी आहे ते पाहा. जो घर सोडून निघाला आहे, ज्याला सारे मोकळे आकाश आहे, त्याने आपल्या कुटीचे माप आवरायचे आहे. ज्याला आधीच आवरून बसवले आहे त्याला तो नियम दाखवायचा नसतो.

आमचीही एक हकिकत इथे नमूद करतो. नोकरीची सुरुवात कोल्हापूर शहरात झाली तेव्हा, १९९० च्या दशकाच्या मध्यावर, आम्ही सात ठिकाणी खोली पाहिली. पुण्या-मुंबईकडे घरमालक आधी ‘तुम्ही मांसाहार करता का’ असे विचारतात आणि त्या उत्तरावरून पुढचे ओळखतात. कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्यामुळे घरमालकाची ती सोय नाही. इथे सरळ आडनाव विचारावे लागते. आमच्या आडनावाने त्यांचे समाधान होईना म्हणून गाव विचारत, मग गावातली आळी. एका ठिकाणी आगाऊ रक्कम देऊन झाली होती. दुसऱ्या दिवशी ती परत आली, ‘भाच्याला खोली लागतेय’ या निरोपासह. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ सालच्या संग्रहातील शीर्षककथेतही परगावी भाड्याची खोली शोधण्याचाच प्रसंग आहे. ती कथा आम्ही वर्गात शिकवत नाही, वाचायला देतो. पुढे सहा वर्षे आम्ही दोघे एका समाजबांधवाच्या घरामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहिलो. आमची कन्या तिथेच जन्मली.

ही कन्या आपल्या शाळेचीच विद्यार्थिनी. परिचारिकेचे शिक्षण घेऊन गेली सहा वर्षे ती मुंबईत एका रुग्णालयात नोकरी करते आणि परळमध्ये तिघींबरोबर एका खोलीत राहते. त्यांच्याही पाळ्या आहेत. रात्रपाळीहून आलेलीला झोपता यावे म्हणून दिवसा बाकीच्यांनी दिवा लावायचा नाही, हा त्यांचा नियम. तिला एम. एस्सी. करायचे आहे. वाचायला ती रुग्णालयाच्या भोजनगृहात बसते. गेल्या दिवाळीत तिने बदलापूरच्या बाजूला एक घर पाहिले आहे. एक खोली आणि स्वयंपाकघर, ३०० चौरस फूट, किंमत २३ लाख. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराचे माप १८० चौरस फुटांवरून २२५, मग २६९ आणि आता ३०० वर आले आहे. म्हणजे पगारदार पदवीधर मुलीला कर्ज काढून जे घर परवडते, ते नेमके तेवढ्याच मापाचे, आणि तेही मुंबईपासून दीड तासावर. जगात याहून वाईट आहे, हे खरे. हाँगकाँगने भाड्याच्या विभागलेल्या घरांना आता किमान ८ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे ८६ चौरस फुटांची अट घातली आहे. यावरून अट येण्यापूर्वी काय असेल त्याची कल्पना यावी. आणि चांगलेही आहे. वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जिन्यावर वाचणारा आमचा मामेभाऊ संक्रमण शिबिरात आपल्या पाळीची वाट पाहत आहे. तो आता साठीकडे आला.

स्त्रीच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बँक बहुतेक रक्कम देते. तरी आगाऊ भरणा, नोंदणी आणि इतर किरकोळ खर्च धरून पाच लाख हाताशी लागतात, आणि ते आमच्याजवळ नाहीत. आमच्याजवळ आहेत ती गावाकडची आमच्या वाट्याची अकरा गुंठे जमीन. गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट होतात. अकरा गुंठ्यांचे ११,९७९. ती वतनाची जमीन आहे. वतनाने आपल्या पूर्वजांना कसे बांधून ठेवले ते या वाचकांना सांगायला नको. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले, आणि १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने निर्मूलित होऊन जमीन कसणाऱ्यांकडे राहिली. विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा लागतो. चुलतभाऊ घ्यायला तयार आहेत.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. आम्ही इतिहास सांगत राहिलो. राबून, शिव्या खाऊन, मेलेली जनावरे ओढून ज्यांनी ही जमीन राखली, त्यांची ती शेवटची खूण आहे. तीनशे चौरस फुटांच्या काँक्रीटसाठी बारा हजार चौरस फूट माती द्यायची? कन्या म्हणाली, “पप्पा, जमीन राहू द्या. मी आणखी पाच वर्षं भाड्यानं काढते.” ती हे मनापासून म्हणाली, आणि त्यामुळेच आम्हाला ते ऐकवले नाही.

सौभाग्यवती आमच्या इतक्या शिकलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “गावात आपलं घर कुठं होतं? गावाच्या बाहेर. जमीन कुठं होती? ओढ्याच्या कडेला, कुणाला नको ती. तुम्ही म्हणता बाबासाहेबांनी खेडी सोडायला सांगितलं. मग सोडा की!” आणि जरा थांबून, “दहा बाय बाराच्या खोलीला आतून कडी नव्हती, तुमच्या लक्षात तरी आहे का? सहा वर्षं मी दाराला पाटा लावत होते. पोरीच्या दाराला कडी असू दे, आणि ते दार तिच्या नावावर असू दे.”

कडी नव्हती हे आमच्या लक्षात होते. पाटा आम्ही विसरलो होतो.

परवानगीचा अर्ज गेल्या महिन्यात दिला आहे. सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची चौदा नावे निघाली. त्यांतली पाच हयात नाहीत, तेव्हा वारसनोंदी व्हायच्या आहेत. तलाठी कार्यालयात दोनदा जाऊन आलो. चुलतभावांनी ओढ्याकडेचे आंब्याचे झाड तोडणार नाही असे आपणहून सांगितले आहे.

कन्येने घराचा नकाशा पाठवला आहे. खिडकी आणि स्वयंपाकघराचे दार यांच्यामध्ये भिंतीचा साडेचार फुटांचा तुकडा मोकळा राहतो. तिथे तिला वाचायला टेबल हवे आहे. खाट नसली तरी चालेल, असे तिने लिहिले आहे. आमचे सागवानी टेबल पाच फुटी आहे. सुतार म्हणतो, एका बाजूचा खण काढून चारचे करून देतो, मजबुतीला धक्का लागणार नाही. त्याला येत्या रविवारी बोलावले आहे.